खटक्याचा धनी

लोणावळ्यात हातात केळं घेऊन फिरणाऱ्याला माकडं अडवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माकडांखेरीज एक माणूसही अडवायचा, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. माकडं निदान केळं घेऊन माणसाला सोडून देतात. गौतमभाऊ ओव्हाळ केळं काढून घ्यायचे, मग हात धुवायला लावायचे, मग खिशात चिक्की आहे का विचारायचे, आणि एवढं सगळं झाल्यावरही आत सोडतील याची खात्री नसायची.

आत म्हणजे घाटातल्या एका जुन्या बोगद्यात. रेल्वेचा मार्ग कधीकाळी थोडा सरकला तेव्हा तो वापरातून गेला आणि वटवाघळं सोडून कुणाच्या ध्यानात राहिला नाही. पुण्यातल्या एका संस्थेनं तो मागून घेतला, तोंडाला लोखंडी दार बसवलं, वीज आणली आणि तिथं डार्क मॅटरचे कण शोधायला सुरुवात केली. मी तिथं वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स बघायचे. तळेगावहून स्कूटरवर यायचे. भाऊंची ही बंदी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला दाराबाहेर ठेवायला लागली, आणि हा म्हातारा माझ्या डोक्यात गेला.

या सगळ्याला कारण सौरभ. सौरभ म्हणजे आमच्यातला तरुण संशोधक, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. एकदा चहा पिताना तो भाऊंना म्हणाला, की केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातलं अगदी किंचित किरणोत्सारी असतं, तेव्हा केळंसुद्धा आपल्या यंत्राला खटके देऊ शकतं. चेष्टाच होती ती. यंत्राभोवती शिशाच्या विटांची वीतभर जाड भिंत होती. बाहेर टेम्पोभर केळी उतरवली असती तरी यंत्राला पत्ता लागला नसता. पण भाऊंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "आन् शेंगदाण्यात?"

"त्यातपण असतं की," सौरभ म्हणाला.

झालं. दुसऱ्या दिवशी दारावर खडूनं लिहिलेलं होतं: 'चप्पल, केळी, चिक्की बाहेर.' अख्ख्या लोणावळ्यात चिक्कीला बंदी असलेलं ते एकच दार असावं. सौरभनं नंतर कितीही समजावलं तरी ती ओळ पुसली गेली नाही. भाऊ म्हणायचे, "तुमीच सांगितलं ना? मंग आता ठिवा बाहीर."

भाऊ मूळचे वराळ्याचे. घरानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, त्यानंतर घरात जन्मलेलं पहिलं पोर म्हणून नाव गौतम. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल होते. भाऊ स्वतः रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रुळावरून चालत जायचं, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकून बघायच्या, ढिली असेल ती बसवायची. आधी बेगडेवाडीच्या बाजूला आणि मग घाटात मिळून त्यांनी पस्तीस-एक वर्षं ठोकण्यात घालवली. त्यामुळे त्यांची मान कायम जराशी उजवीकडे कललेली असायची. कुणी बोलत असलं तरी ते तसंच ऐकायचे, आणि समोरच्याला वाटायचं आपल्यातली कुठलीतरी चावी ढिली निघणार.

त्यांना कामावर घेतलं केतकी मॅडमनी. हा बोगदा मॅडमचा जीव होता. परदेशातलं चांगलं चाललेलं काम सोडून त्या परत आल्या होत्या, आणि संस्थेतली मोठी मंडळी या बोगद्याला 'केतकीची भातुकली' म्हणायची. खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही होतं. असल्या शोधाला किलोमीटरभर खोल खाण लागते. आमच्या डोक्यावर डोंगर होता, पण बेताचाच. मॅडम मात्र म्हणायच्या, आधी नीट ऐकायला शिकू, खोलीचं नंतर बघू.

राखणदार-कम-मदतनीस हवा होता. मॅडमनी भाऊंना बोगद्यातच बोलावलं होतं, मी तिथं वायरी ओढत होते.

"इथं काय काम आहे माहीत आहे का?" मॅडमनी विचारलं.

"कायतरी पकडायचंय म्हनं."

"हो. पण ते दिसत नाही. त्याचा प्रकाश पडत नाही, सावली पडत नाही. आत्ता या क्षणी ते तुमच्या-माझ्यातून आरपार चाललंय."

भाऊंनी एकदा आपल्या शर्टाकडे बघितलं. "मंग ते हाये ह्ये कशावरनं?"

हा प्रश्न मॅडमना मनापासून आवडला. त्यांनी सांगितलं, की आकाशातल्या दीर्घिका इतक्या वेगानं फिरतात, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर त्या एकत्र राहूच शकणार नाहीत. न दिसणारं पुष्कळ वजन त्यांना धरून आहे. ते वजन बारीक कणांचं असेल, तर लाखो-करोडोंतला एखादा कण कधीतरी साध्या पदार्थातल्या अणूच्या गाभ्यावर आपटेल. गाभ्याला धक्का बसेल. आमच्या खास स्फटिकात तसा धक्का बसला की बारीकसा प्रकाश चमकतो, तो एक नळी टिपते, आणि संगणकावर एक खटका उमटतो.

भाऊंनी मान कलती करून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "अंधारात मानूस दिसत न्हाई, पर खांदा लागला तर कळतं. तसंच ना ह्ये?"

"अगदी तसंच."

"मंग धक्का कुनी मारला ह्ये कसं कळनार? माझा खांदा का तुमचा?"

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. आमच्या सगळ्या विषयाची अडचण या माणसानं पाच मिनिटांत सांगितली होती. धक्का मारणारे शंभर असतात. वरून येणारे वैश्विक किरण, दगडातला किरणोत्सार, तारांमधला विजेचा गोंधळ, माणसाच्या बोटांवरची धूळ. त्या सगळ्यांना एकेक करून ओळखायचं, वगळायचं, आणि मग उरलाच एखादा खटका बिनधन्याचा, तर त्याच्याबद्दल दबक्या आवाजात बोलायचं.

जाता जाता भाऊंनी खिशातून एक छोटा हातोडा काढून यंत्राच्या लोखंडी चौकटीवर तीन ठिकाणी टकटक केलं आणि म्हणाले, "ह्यो बोल्ट ढिला हाये." सौरभनं पाना लावून बघितला तर होता. नोकरी पक्की झाली.

पहिल्याच आठवड्यात भाऊंनी एक जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. त्यात रकाने आखले: तारीख, वेळ, खटका, धनी. आम्ही रोज संध्याकाळी दिवसभरातले मोठे खटके सांगायचे आणि भाऊंनी प्रत्येकाचा धनी शोधायचा, असा नियम त्यांनीच घातला. "रुळावर खटका आला की त्येचा धनी असतोय," ते म्हणायचे. "दगूड आसंल, चावी आसंल, न्हाईतर ड्रायव्हर आसंल. धनी न्हाई आसा खटका म्या उभ्या जल्मात बघितला न्हाई." रजिस्टरात ते दिवसभरातलं सगळंच लिहायचे. दार किती वेळा उघडलं, माकड कुठं बसलं होतं, सौरभ शिंकला, ताईंनी (म्हणजे मी) स्क्रू-ड्रायव्हर पाडला. आम्ही ते वाचून हसायचो. नंतर नंतर वाचायचंही सोडून दिलं. सौरभकडे तापमान, दमटपणा, वीजदाब, बोगद्यातल्या दगडांतून झिरपणारा वायू, सगळ्यांचे आकडे संगणकात आपोआप जमा होत होते. रजिस्टर कोण वाचतंय?

पण एकदा रजिस्टरनं आमची चांगलीच जिरवली होती. रोज दुपारी ठरावीक सुमाराला खटक्यांची एक झुंबड यायची. सौरभनं तीन आठवडे त्यावर घालवले. ताऱ्यांच्या संदर्भानं दिवस चार मिनिटांनी लहान असतो, असं काय काय गणित मांडून झालं. भाऊंना विचारलं कुणीच नव्हतं. एके दिवशी ते आपणहून म्हणाले, "ते व्हय? खालून मालगाडी येती. घाट चढाया मागनं इंजनं लावत्यात. त्यांनी जोर लावला की तुमची तार हालती." सौरभ म्हणाला, "मग तीन आठवडे सांगितलं का नाही?" भाऊ म्हणाले, "लिवलंय की. तुमी आकाशात बघत हुता, म्हनलं कशाला मधी बोला." त्यात टोमणा होता की साधेपणा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मला टोमणाच वाटतो.

सुट्टीच्या दिवशी पर्यटकांचा वेगळाच ताप. लोणावळ्यात आलेल्या माणसाला प्रत्येक वळणावर एक पॉइंट लागतो. बोगद्याचं दार दिसलं की गाड्या थांबायच्या. "अंकल, ये कौन सा पॉइंट है?"

"डार्क पॉइंट," भाऊ गंभीरपणे सांगायचे.

"क्या दिखता है?"

"कुछ नहीं दिखता. गॅरंटी."

लोक खूश होऊन दारापाशी फोटो काढायचे. एका जोडप्यानं विचारलं, की सकाळी चांगलं दिसत नाही की संध्याकाळी? भाऊ म्हणाले, "जून में अच्छा नहीं दिखता. डिसेंबर में थोडा कम अच्छा नहीं दिखता." ते जोडपं डिसेंबरात परत येतो म्हणून गेलं.

हे जून-डिसेंबर भाऊंनी हवेतून काढलेलं नव्हतं. डार्क मॅटरच्या शोधातली ती मोठी खूण आहे. सूर्य आपल्या आकाशगंगेत धावतोय, पृथ्वी त्याच्याभोवती फिरतेय. जूनच्या सुमाराला दोघांची धाव एका दिशेला पडते, म्हणून न दिसणाऱ्या कणांचा मारा किंचित वाढतो; डिसेंबरात किंचित कमी होतो. भाऊंनी ते आपल्या पद्धतीनं लावून घेतलं होतं: पावसात पुढं पळत गेलं की छाती जास्त भिजते. तेव्हा जूनमध्ये थोडे जास्त आणि डिसेंबरात थोडे कमी खटके दरवर्षी न चुकता आले, तर कान टवकारायचे.

आणि आमच्याकडे ते आले. पहिल्या वर्षी जूनमध्ये आलेख जरासा उचलला आणि ऑक्टोबरात बसला. योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या जूनमध्ये आलेख तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा केतकी मॅडमचा चहा गार व्हायला लागला. त्या बोलायच्या कमी, वहीत आकडे मांडायच्या जास्त. चढ थोडा उशिरा शिखरावर जायचा, पण यंत्र लहान, आकडे थोडे, तेवढं चालतं असं सौरभ म्हणायचा. दमटपणा तपासला, तापमान तपासलं, बोगद्यातला वायू तपासला. कशाशीच मेळ बसेना. खटक्यांना धनी नव्हता.

सप्टेंबरात संस्थेची समिती येणार होती. बोगदा चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ती ठरवणार होती. भातुकली म्हणणारे लोकच समितीत होते. हा तीन वर्षांचा आलेख त्यांच्यापुढं ठेवला असता, तर मोठं यंत्र, खोल जागा, सगळं मॅडमच्या पदरात पडलं असतं. नाही तर दाराला कुलूप, मॅडमची मुदत संपली, आणि भाऊ वराळ्याला घरी.

त्या ऑगस्टात भाऊ आठ दिवस रजेवर गेले. पुतणीचं लग्न होतं. ऑगस्टात कसलं लग्न म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "आमच्यात मुहूर्त न्हाई बघत. पोरगा मिल्ट्रीत हाये, त्याची रजा त्योच मुहूर्त." घरातले वडीलधारे तेच, त्यामुळे आठवडाभर आधीपासून मांडवाचं, जेवणाचं सगळं त्यांच्याच अंगावर. ते नसताना निळ्या खड्यांचं काम मी करायचं ठरलं.

हे निळे खडे म्हणजे भाऊंच्या अभिमानाची गोष्ट. आमचा स्फटिक मिठाच्या नात्यातला. पावसाळ्यात घरातलं मीठ जसं पाणी सोडतं, तसाच तोही दमट हवेत खराब होतो. आणि लोणावळ्यात पावसाळ्यात भिंतीला टेकलं तरी शर्ट ओला होतो. म्हणून यंत्राभोवती एक बंद कपाट होतं. कपाटातली हवा खाली एका ड्रॉवरमधल्या खड्यांतून फिरवून, कोरडी करून स्फटिकाच्या डब्याभोवती सोडली जायची. खडे ओल पिऊन गुलाबी झाले की भाऊ ते लोखंडी तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे, पोहे भाजावेत तसे, हलक्या हातानं. तो तवा दुसऱ्या कुणाला शिवू द्यायचे नाहीत. माझ्या हाती ड्रॉवर देताना त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. ड्रॉवर मोकळा होता, नुसते खडे होते, एवढंच मला आठवतं.

भाऊ रजेवर गेले आणि आलेख हळूहळू उतरायला लागला. आठव्या दिवशी पार खाली. ते परत आल्यावर हळूहळू चढला.

"बघा," सौरभ म्हणाला, "भाऊ रजेवर गेले की डार्क मॅटरपण रजा टाकतं. तेपण लग्नाला आलं होतं का हो?"

मी हसले. मॅडमही हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या. सौरभ लगेच म्हणाला, "अहो, आठ दिवस काहीच नाही. आकडे खालीवर होतातच. अहवालात हे आठ दिवस गाळले तरी चालेल. यंत्राची देखभाल चालू होती म्हणू."

मॅडम पुन्हा आलेखाकडे वळल्या. त्या 'नाही' म्हणाल्या नाहीत, हे मी बघितलं. तीन वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती दारात उभी असताना आठ दिवस गाळणं कुणालाही सोपं वाटेल. मलाही वाटलं.

भाऊ मात्र हसले नव्हते. दुपारी ते माझ्याकडे आले. "ताई, तीन सालाचं ते चित्र कागदावर काडून द्या."

मी छापून दिलं. ते उपड्या खोक्यावर बसले, चष्मा लावला आणि रजिस्टरची जुनी पानं उलटत त्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करायला लागले. मी जाता जाता म्हटलं, "भाऊ, कुंडली मांडताय का?"

"आमच्यात कुंडलीबी न्हाई बघत, ताई," ते म्हणाले, पण वर बघितलं नाही. संध्याकाळी दार लावताना नेहमी ते प्रत्येकाला नावानं हाक मारून निरोप द्यायचे. त्या दिवशी कुलूप लावलं आणि न बोलता स्टेशनकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेबलापाशी होतो. भाऊ आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी तो पेन्सिलीच्या खुणांचा कागद मॅडमपुढं ठेवला आणि त्यावर रुमालाची एक पुरचुंडी ठेवली.

"म्याडम, धनी गावला. मीच हाये."

रुमालात एक जुनं मनगटी घड्याळ होतं. तबकडी चहासारखी पिवळी पडलेली, आकडे जाड, मळकट हिरवे. ते त्यांच्या वडिलांचं, सखाराम ओव्हाळांचं. डेपोतल्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते घेतलं होतं. आम्ही ते भाऊंच्या मनगटावर शंभरदा बघितलेलं. पावसाळ्यात मात्र ते दिसायचं नाही. त्याच्या काचेत वाफ धरायची, आणि तळेगावच्या घड्याळजीनं सांगितलं होतं, की पुन्हा ओल गेली तर हे कायमचं जाईल. भाऊंनी सगळ्या मावळातली सर्वांत कोरडी जागा शोधली. ती त्यांच्याच ताब्यात होती. दर जूनमध्ये, पावसाचं लक्षण दिसलं की घड्याळ निळ्या खड्यांच्या ड्रॉवरमध्ये जायचं, आणि ऑक्टोबरात बाहेर यायचं. या वर्षी पुतणीच्या लग्नासाठी ते ऑगस्टात मधेच आठ दिवस बाहेर आलं होतं आणि लग्न झाल्यावर परत आत गेलं होतं.

लपवलेलं तर काहीच नव्हतं. रजिस्टरात, तिन्ही वर्षं, भाऊंच्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: 'खडे भाजले. घड्याळ आत.' आणि आधीच्या दोन वर्षी चार महिन्यांनी, यंदा लग्नाच्या आधी: 'घड्याळ बाहेर.' कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणा आणि आलेखाचे चढउतार एकमेकांना चिकटून होते.

मी किरणोत्सार मोजायचं छोटं यंत्र घड्याळावर धरलं. ते किंचाळायलाच लागलं. मी घाईघाईनं बंद केलं.

 मॅडम खुर्चीत बसल्या. मग त्यांनी हळू आवाजात, स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगितलं. जुन्या लष्करी घड्याळांच्या आकड्यांना अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग लावत. त्या रेडियममधून एक वायू झिरपतो. आपण तो अख्ख्या बोगद्यात मोजला, फक्त कपाटाच्या आत मोजला नाही. ड्रॉवरमधून हवा फिरायची, हवेबरोबर वायू शिशाच्या आत जायचा, आणि खटके द्यायचा.

"मला काडून टाका, म्याडम," भाऊ म्हणाले. "दुसऱ्याच्या केळ्यावर नजर ठिवली आन् सोताच्या मनगटावर न्हाई ठिवली. तीन सालाची तुमची मेहनत म्या खाल्ली."

"तुम्ही लिहून ठेवलं होतंत," मॅडम म्हणाल्या. "मी वाचलं नाही. तुम्हाला काढलं तर मला कोण काढणार?" आणि त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ते पाणी हसण्याचंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. "तीन वर्षं मी आकाशगंगा उलटीपालटी केली, भाऊ. ड्रॉवर नाही उघडला."

भाऊ हसले नाहीत. ते घड्याळाकडे बघत होते.

"पर ह्ये तर चमकत न्हाई," ते म्हणाले. "आबा व्हते तवा चमकायचं. ल्हानपनी आमी भर दुपारी गोधडीत शिरून बघायचो. समद्या आळीतली पोरं यायची रांग लावून. आबा गेल्यावर बगा, हळूहळू इझलंच. तीस सालं झाली, कायबी दिसत न्हाई."

"चमकायची ती दुसरी पूड, भाऊ. ती मेली. रेडियम तसंच आहे. दिसत नाही, पण काम चालू आहे. निम्मं व्हायलासुद्धा त्याला सोळाशे वर्षं लागतात."

भाऊंची मान उजवीकडे कलली.  मग ते म्हणाले, "म्हंजी तुमी समद्या दुनियेतलं न दिसनारं धुंडाळाया बसला, आन् मशिनीला घावला माझा बाप."

त्या क्षणी मला रडू आलं. का ते नीट सांगता येणार नाही, पण आलं. चटणीचा राग तिथंच संपला.

मॅडमनी समितीपुढं सगळं जसं घडलं तसं मांडलं. आलेख दाखवला, त्यावर भाऊंच्या खुणा दाखवल्या, शेवटी घड्याळाचा फोटो. आधी एकजण हसला, मग सगळे. मग एका वयस्कर सभासदानं ते रजिस्टर मागितलं आणि चर्चा बाजूला ठेवून पानं उलटत बसला. शेवटी त्यांनी बोगदा बंद केलाच. डोंगर कमी पडतो, हे कारण खरंच होतं. पण स्फटिक मॅडमबरोबर दुसऱ्या राज्यातल्या एका खोल खाणीत पाठवायचं ठरलं. चुकीची नोंद इतकी प्रामाणिकपणे मांडणाऱ्याच्या हातात खाण द्यायला हरकत नाही, असं तो वयस्कर सभासद म्हणाला म्हणे. सौरभ आता तिथंच असतो. तो सांगतो, की त्यांच्या संगणकातल्या नोंदीत 'धनी' नावाचा रकाना आहे, आणि परप्रांतातली मुलं तो शब्द मोठ्या गंभीरपणे उच्चारतात. आधी मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं पडद्याचा फोटो पाठवला.

भाऊंचं शेवटचं दर्शन मला झालं ते सामान बांधायच्या दिवशी. दुपार होती. टेम्पो खाली रस्त्यावर उभा होता, तारा बऱ्याचशा काढून झाल्या होत्या, स्फटिक तेवढा अजून जोडलेला होता. भाऊंनी खडूची ओळ पुसायला फडकं घेतलं, आणि तसंच ठेवून दिलं. मग माझ्याजवळ आले.

"ताई, येक करा. पेटीत भरायच्या आदी येकदा आबाला बोलू द्या."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी एक छोटा स्पीकर जोडला, म्हणजे प्रत्येक खटक्याला आवाज येईल. सौरभनं, काही न विचारता, शिशाची एक वीट काढली. आधी नुसताच बोगदा ऐकू येत होता. मधूनच एखादी टक. भाऊंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्या फटीपाशी धरलं.

टक. टक टक. मग झुंबडच. बोगदाभर तो आवाज घुमला. मॅडम हातातली दोरी सोडून आल्या. भाऊ मान कलती करून, डोळे मिटून उभे होते, रुळावर कान लावून गाडी किती लांब आहे ते ऐकावं तसे. 

"बास," शेवटी ते म्हणाले. घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं, शर्टाच्या बाहीनं काच पुसली. मग रजिस्टर उघडून उभ्याउभ्याच शेवटची ओळ लिहिली, ते माझ्या हातात दिलं आणि चप्पल घालून उतार उतरून गेले.

तारीख होती, वेळ होती. खटक्यांच्या रकान्यात 'लय' एवढंच लिहिलं होतं. धनीच्या रकान्यात, प्रत्येक अक्षर नीट सुटं काढून: सखाराम ओव्हाळ, देहूरोड डेपो. हजर.